मंगळावर वस्ती खरंच होईल का? एका पॉलिहाऊसवाल्याचा प्रश्न

ढोबळीवाला_दिंडोरी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळाय, हसू नका. दिंडोरीकडं माझं वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, ढोबळी मिरची घेतो. भाचा नाशिकरोडला कॉलेजला, पोरगं दिवसरात्र मोबाइलवर रॉकेटचे व्हिडिओ बघत असतं. परवा रविवारी आला, पॉलिहाऊसमध्ये चक्कर मारली आणि म्हणाला मामा तुम्ही इथं जे करताय तेच मंगळावर करायचंय, फक्त प्लास्टिक जरा जाड लागेल. तेव्हा मी खूश झालो, त्याला दोन किलो मिरची बांधून दिली. पण रात्री मोटर बघायला गेलो तर डोक्यातून ते जाईना, कारण त्या वीस गुंठ्यांत महिन्याला काय काय बाहेरून आणून ओतावं लागतं ते मला माहितीये, त्याला नाही.

तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. अख्खा ग्रहच पृथ्वीसारखा करायचा, टेराफॉर्मिंग का काय म्हणतात ते, हे हिशोबात तरी बसतं का. आणि ते जमत नसेल तर माझ्यासारखं झाकून-पाकून आत माणसं ठेवायची, पिकं घ्यायची आणि पृथ्वीवरून काही न मागवता पिढ्यान् पिढ्या राहायचं, हे तरी जमेल का. नेमकं कुठं अडतं ते साध्या भाषेत सांगा. मी बारावी सायन्स आहे, पण त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली.

सिन्नरकर

दादा आधी आमच्या सिन्नरला उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी आणून दाखवा म्हणावं, मग मंगळाचं बघू 😀

अंबडचा_लेथवाला

आला हा डायलॉग. मंगळयान गेलं तेव्हा पण हेच ऐकलं होतं. ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं, २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच प्रयत्नात कक्षेत गेलं, खर्च साधारण ४५० कोटी. तेवढे पैसे वाचवले असते म्हणून सिन्नरचे टँकर बंद झाले असते का भो? विषय काय चाललाय ते तरी वाचा.

सिन्नरकर

अहो गंमत केली, चिडता काय. चालू द्या, वाचतोय.

फळा_आणि_खडू

ढोबळीवाले दादा, प्रश्न अजिबात हसण्यासारखा नाहीये. मी फिजिक्स शिकवतो, मुलं दरवर्षी हेच विचारतात, त्यामुळे आकडे पाठ झालेत. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मंगळ म्हटलं की लोकांना थंडी आठवते. थंडी आहेच, सरासरी उणे ६० च्या आसपास, पण खरा घोळ दाबाचा आहे. आपल्याकडं हवेचा दाब हजार मिलिबार धरा, तिथं सहा. सहाशे नाही, सहा. त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दाब ६३ मिलिबारच्या खाली गेला की आपल्या अंगाच्या तापमानालाच पाणी उकळायला लागतं, म्हणजे नुसता ऑक्सिजनचा मास्क लावून तुम्ही बाहेर उभे राहू शकत नाही, जिभेवरची थुंकीसुद्धा उकळेल. म्हणून टेराफॉर्मिंगवाल्यांचं पहिलं काम म्हणजे हवा जाड करणं.

त्यांची जुनी आयडिया अशी की ध्रुवांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड आणि मातीखडकात अडकलेला असेल तेवढा सगळा तापवून बाहेर काढायचा, मग तोच गॅस पांघरुणासारखा काम करेल, ग्रह आणखी तापेल, आणखी गॅस सुटेल, असं चाक एकदा फिरलं की फिरत राहील. ऐकायला झकास आहे. पण २०१८ मध्ये ब्रूस जाकोस्की आणि क्रिस्टोफर एडवर्ड्स या दोघांनी इतक्या वर्षांच्या यानांची माहिती घेऊन नीट ताळेबंद मांडला. आपल्या आवाक्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी दाब विसेक मिलिबारपर्यंत जातो आणि तापमान दहा अंशसुद्धा वाढत नाही. पाहिजे हजार, मिळणार वीस. विहीर खोदायच्या आधीच कळलं की खाली पाणी नाही, तसं झालं.

आता मीच कागदावर केलेला हिशोब सांगतो. मंगळाचं क्षेत्रफळ साधारण साडेचौदा कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सगळ्या जमिनी एकत्र केल्या तेवढं. तिथं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, त्यामुळे आपल्याइतका दाब आणायचा तर प्रत्येक चौरस मीटरच्या डोक्यावर दहा नाही, सत्तावीस टन हवा लागते. गुणाकार केला की आकडा येतो जवळपास चारवर अठरा शून्यं किलो. पृथ्वीची सगळी हवा पाचवर अठरा शून्यं आहे. म्हणजे जवळजवळ अख्ख्या पृथ्वीचं वातावरण कुठूनतरी आणून तिथं ओतायचं. आणि आपल्या हवेत तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन आहे, मंगळाच्या त्या पातळ हवेत जेमतेम तीन टक्के. हे सगळं आणणार कुठून?

शिवाय मंगळाला चुंबकीय कवच नाही. साधारण चार अब्ज वर्षांपूर्वी ते गेलं आणि सूर्यवाऱ्यानं हवा खरवडून नेली. मेव्हन नावाच्या यानानं ते मोजलंय.

अंबडचा_लेथवाला

सर मान्य, पण दोन ठिकाणी जरा थांबा.

चुंबकीय कवच नाही म्हणून हवा उडून जाईल हे सगळेच म्हणतात, पण ती उडण्याचा वेग बघा ना. मेव्हननं जे मोजलं ते सेकंदाला ग्रॅम-किलोच्या मापात आहे. एवढ्या गळतीनं हवा संपायला माणसाच्या हिशोबात अनंत काळ लागेल. ज्याच्याकडं ग्रहभर हवा तयार करायची ताकद आहे तो एवढी गळती सहज भरून काढेल. टाकी भरायचा वांधा आहे, नळ टिपटिप गळतो हा नाही.

दुसरं, तापवण्याचं. २०२४ मध्ये एक नवीन अभ्यास आला, त्यात मंगळावरच्याच मातीतलं लोखंड किंवा अॅल्युमिनियम वापरून नऊ मायक्रॉन लांबीच्या बारीक काड्या करायच्या, चमकीसारख्या, आणि हवेत सोडायच्या. सेकंदाला तीस लिटर या हिशोबानं वर्षानुवर्षं सोडत राहिलं तर ग्रह तीस अंशांहून जास्त तापतो असं गणित निघालं, आधीच्या गॅसच्या पद्धतींपेक्षा पाच हजार पटींनी कमी मालात. तीस लिटर सेकंदाला म्हणजे आपल्याकडचे दोन-तीन मोठे कृषिपंप! माल फक्त पाण्याऐवजी धातूचा. मोठं काम आहे पण वेडगळ नाही.

फळा_आणि_खडू

गळतीचं बरोबर पकडलंत, मी शिकवताना ते जरा घाईत बोलून जातो, आता सुधारेन. काड्यांचा अभ्यास मीही वाचलाय, छान आहे. पण त्यानं ग्रह तापतो, हवा जाड होत नाही. तापल्यावर काही ठिकाणी बर्फ वितळेल, जंतू-शेवाळ जगेल इतपत कदाचित. श्वास घ्यायचा ऑक्सिजन वेगळाच विषय. आपल्या पृथ्वीवर तो सूक्ष्मजीवांनी केला, साधारण २.४ अब्ज वर्षांपूर्वी हवेत साठायला लागला आणि आपल्याला जगता येईल इतका व्हायला त्यानंतरही अब्जावधी वर्षं गेली. नासाचे ख्रिस मॅके, जे स्वतः टेराफॉर्मिंगच्या बाजूचे आहेत, त्यांचा अंदाजसुद्धा असाच की तापवायला शंभर वर्षं पुरतील पण झाडांकडून श्वासायोग्य हवा करून घ्यायला लाखभर वर्षं.

आणि सध्या आपण कुठं आहोत तेही सांगतो. पर्सिव्हरन्स गाडीवर मॉक्सी नावाचं टोस्टरएवढं यंत्र होतं, मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढणारं. २०२१ ते २०२३ मध्ये सोळा वेळा चालवलं, एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे साडेतीन तासांचा श्वास झाला. यंत्र उत्तम चाललं बरं का, अपेक्षेपेक्षा चांगलं. नाव ठेवत नाहीये, फक्त कुठून कुठं जायचंय ते दिसावं म्हणून.

गोदाकाठचा_गप्पिष्ट

शुक्राचं कोणीच बोलत नाही?

फळा_आणि_खडू

४६५ अंश, दाब आपल्या ९२ पट. ५० किलोमीटर उंचीवर दाब आणि तापमान जरा माणसात येतं, म्हणून फुग्यात राहायच्या कल्पना आहेत. खाली उतरायचं नाव नाही. पुढे.

मातीपरीक्षण_ताई

दादा, तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, म्हणजे झाकून आत राहायचं. मी माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांचे नमुने दिवसभर हातात असतात.

आधी मातीचं. नाशिकचा खडक आणि मंगळाचा बराचसा खडक एकाच जातीचा, बेसॉल्ट. त्यामुळे मंगळावर आहे ते आपल्या भाषेत मुरूम, माती नाही. आपली काळी माती त्याच बेसॉल्टपासून झाली पण मध्ये पाऊस, मुळं, गांडुळं, जंतू, सडलेला पाला असं सगळं हजारो वर्षं राबलंय. मुरमात बाग लावता येते हे तुम्हाला माहितीच आहे, आपल्याकडं कितीतरी बागा मुरमाड रानात उभ्या आहेत, पण तिथं शेणखत किती ट्रॉल्या पडतं तेही माहितीये. मंगळावर ट्रॉली कुठून येणार? आणि त्या मुरमात परक्लोरेट, म्हणजे क्लोरीनवाला एक क्षार, आहे, फिनिक्स यानाला २००८ मध्ये सापडलं, अर्धा ते एक टक्का. ते थायरॉइडला बाधतं. पाण्यात विरघळतं म्हणून धुऊन काढता येतं, काही जंतू तर ते खाऊन पचवतात, म्हणजे उपाय आहे. पण धुतलेलं पाणी परत साफ करायचं, तो क्षार कुठंतरी साठवायचा, ही सगळी जादा कामं.

आता मुख्य मुद्दा. आत कोंडून राहायचा प्रयोग झालेला आहे आणि तो मंगळावर नाही, अमेरिकेत अॅरिझोनात. बायोस्फिअर २. सव्वा हेक्टरचं काचेचं घर, आत छोटं जंगल, छोटा समुद्र, दलदल आणि शेती. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं आत गेली, दोन वर्षांसाठी. शेती किती होती माहितीये का? अर्धा एकर. तुमचे वीस गुंठे, बरोब्बर तेवढंच. त्यावर आठ माणसं जगवायची होती, बहुतेक अन्न त्यातूनच निघालंही, पण सगळे जण उपाशीपोटी राबले आणि चांगले वाळले.

ते एक वेळ चाललं असतं. पण आतला ऑक्सिजन कमी व्हायला लागला. २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत साडेचौदाच्या आसपास आला, म्हणजे उंच डोंगरावर राहिल्यासारखं, माणसांना जिना चढताना धाप लागायची, झोप लागेना. जानेवारी १९९३ मध्ये शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. गंमत म्हणजे सुरुवातीला कळेचना की तो जातोय कुठं. जंतू ऑक्सिजन घेतात तर तेवढाच कार्बन डायऑक्साइड वाढायला पाहिजे होता, तसा तो वाढला नव्हता. मग शोधता शोधता कळलं की शेतात सेंद्रिय खत भरपूर घातलं होतं, जोमानं पीक यावं म्हणून, त्यातले जंतू ऑक्सिजन खात होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड भिंतींचं नवं काँक्रीट ओढून घेत होतं. म्हणजे झाडांच्या वाट्याचा गॅस भिंतीत चाललेला! हे कोणी धरलंच नव्हतं. परागीकरण करणारे किडे मेले, मुंग्या आणि झुरळं माजली.

त्या लोकांना नावं ठेवणारे खूप आहेत, मला ते पटत नाही. पृथ्वीवर, बाहेर माणसं मदतीला उभी, वीज बाहेरून येतेय, आणि तरी हे झालं. हे कळलं ही मोठी गोष्ट आहे. बंद जागेत छोटी चूकसुद्धा बाहेर जायला जागा नसते म्हणून साठत जाते. आपल्या बागेत खत जास्त झालं तर पाऊस धुऊन नेतो, वारा वाफसा आणतो. निसर्ग आपली चूक गुपचूप पोटात घालतो, तिथं ते पोटच नाही.

ढोबळीवाला_दिंडोरी

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. बरोब्बर वीस गुंठे! माझ्यात आठ माणसं जगवा म्हणाल तर मी मिरची खायला घालून त्यांचे हाल करीन.

पडदे वर-खाली करताना मी रोज हेच करतो हो. सकाळी आत दमट झालं की साइडचे पडदे उघडतो, दुपारी तापलं की वरची खिडकी आहेच. मला काही चुकलं तर उपाय एकच, उघड. बाहेर फुकटची हवा आहे म्हणून माझं पॉलिहाऊस चालतं, हे असं कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि दोन-दोन दारं, पाय बुडवायला औषधाचा ट्रे, तरीही मार्चात लाल कोळी शिरतोच, कामगाराच्या कपड्यावरून का कशावरून कोण जाणे.

अंबडचा_लेथवाला

ताईंचा मुद्दा भारी आहे पण गोष्ट १९९३ मध्ये थांबलेली नाहीये. रशियात क्रास्नोयार्स्कला बायोस-३ मध्ये तीन-तीन माणसं १८० दिवसांपर्यंत राहिली होती, सत्तरच्या दशकात. चीननं बीजिंगला युएगाँग-१ मध्ये २०१७-१८ ला ३७० दिवस काढले, आठ विद्यार्थी, चार-चारच्या पाळीनं. पाणी-हवा-अन्न मिळून ९८ टक्के वस्तू आतल्या आत फिरल्या असं ते सांगतात, प्रोटीनसाठी अळ्या पाळल्या होत्या. स्पेस स्टेशनवर २०२३ मध्ये पाणी ९८ टक्के परत मिळवायला लागले, घाम, लघवी, श्वासातली वाफ, सगळं धरून. म्हणजे जमत चाललंय की.

मातीपरीक्षण_ताई

जमत चाललंय हे शंभर टक्के खरं, मीही त्याच बाजूची आहे. फक्त ९८ म्हणजे दर फेरीला दोन टक्के गेले. शंभर लिटर पाणी ३५ वेळा फिरवलं की निम्मं उरतं, कॅल्क्युलेटरवर करून बघा. पाण्याचं ठीक आहे, मंगळावर बर्फ आहे, खणून भरता येईल. नायट्रोजन, पोटॅश, बोरॉन, झिंक यांच्या दोन टक्क्यांचं काय? द्राक्षात बोरॉन जरासा कमी पडला तर मणी कसे बारीक-मोठे होतात ते बघितलंय ना.

रात्रपाळी_डॉक्टर

माणसाच्या बाजूनं थोडं. रेडिएशन: क्युरिऑसिटी गाडीनं मंगळाच्या जमिनीवर मोजलेलं दिवसाला साधारण ०.६७ मिलिसिव्हर्ट आहे. पृथ्वीवर सरासरी माणसाला अख्ख्या वर्षात २.४ मिळतं. म्हणजे तिथं वर्षाला शंभरपट, शिवाय सहा-आठ महिन्यांच्या प्रवासात रोजचं त्याहून जास्त. म्हणून डोक्यावर दोन-तीन मीटर माती घेऊन राहावं लागेल, तळघरात.

वजनरहित अवस्थेत हाडं महिन्याला एक-दीड टक्का झिजतात, हे स्पेस स्टेशनवरून कळलंय. ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात किती झिजतील याचा अनुभव कोणालाच नाही, कारण तितक्या गुरुत्वाकर्षणात माणूस कधी राहिलेलाच नाही. चंद्रावर गेलेले फार तर तीन दिवस राहून परत आले. आणि मूल? गर्भ तिथं नीट वाढेल का, हाडं धरतील का. पिढ्यान् पिढ्या राहायचं म्हणता ना दादा, तर पहिली पिढी तिथं जन्मायला तर पाहिजे. मला वाटतं हवेपाण्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि यावर बोलायला लोक टाळतात. असो, ड्यूटी आहे.

अंबडचा_लेथवाला

ढोबळीवाले दादा, भाच्याच्या जाड प्लास्टिकचं मी गणित केलं, करमणूक म्हणून. आत निम्मा दाब ठेवला तरी बाहेर जवळजवळ काहीच नाही, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला आतून बाहेर पाच टनांचा रेटा. तुमचे वीस गुंठे दोन हजार चौरस मीटर, म्हणजे छताला वर ढकलायला दहा हजार टन! आपल्याकडं वादळात पॉलिहाऊस उडतं तसं रोज, चोवीस तास, वारा नसताना. छतावर माती घालून दाबायचं तर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून आठेक मीटर मुरूम लागेल. रेडिएशनलाही बरंच. पण मग ऊन कुठून येणार, सगळं एलईडीवर आलं. एलईडी म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे अणुभट्टी. नासानं २०१८ मध्ये नेवाड्यात किलोपॉवर म्हणून छोटी अणुभट्टी चालवून बघितलीये, पुढची मोठी दहा किलोवॅटपर्यंत करायचा विचार होता. सोलरवर भरवसा नाही, २०१८ च्याच धुळीच्या वादळात ऑपॉर्च्युनिटी गाडी गप्प झाली ती कायमची.

तरी मी म्हणतो घुमट गोल केला, केबलनं बांधला तर बसेल. स्ट्रक्चरला मी घाबरत नाही.

ढोबळीवाला_दिंडोरी

स्ट्रक्चरला मीपण घाबरत नाही भाऊ. तुम्हाला सांगतो मी कशाला घाबरतो.

गेल्या वर्षी ऐन तोडणीत खताच्या डोसिंग पंपाचा डायफ्रॅम फाटला. हाताच्या तळव्याएवढी रबराची चकती असते. डीलरकडं गेलो, नाही. नाशिकमध्ये आणखी तीन ठिकाणी विचारलं, दुसऱ्या मॉडेलचे आहेत, याचा नाही. शेवटी पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल आलं, तिसऱ्या दिवशी. ते तीन दिवस मी आणि आमचा गडी ड्रममध्ये बादलीनं खत कालवून सोडत होतो, अंदाज चुकला, ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, वर गेला आणि शेंड्याच्या पानांच्या कडा करपल्या, नंतर दोन तोडे माल हलका निघाला. तीन दिवसांत एवढं. भाचा सांगत होता मंगळाला गाडी निघायची वेळ २६ महिन्यांतून एकदा येते, आणि पोचायला वरून सात-आठ महिने. त्या चकतीसाठी?

बरं स्टॉक ठेवू म्हणाल, तर रबर पडून पडूनपण तडकतं. मागच्या खेपेला मी दोन जास्तीचे आणून ठेवले होते, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात कडक झाले.

अंबडचा_लेथवाला

मी लिहायला बसलो होतो की थ्रीडी प्रिंटरवर काढतील. मग रबराचं आठवलं. प्रिंटरला कच्चा माल लागणार, तो कशाचा? रबर एकतर झाडाचं नाहीतर तेलापासूनचं. मंगळावर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला हायड्रोजन घेऊन मिथेन करता येतो, तिथून प्लास्टिक-रबरापर्यंत जाता येतं, केमिस्ट्री आहे. पण मध्ये अख्खी केमिकल फॅक्टरी आहे, तिचे व्हॉल्व्ह, तिचे सील, आणि त्या सीलला परत रबर.

काल रात्री पाळी सुटल्यावर गंमत म्हणून माझ्या शॉपची खरेदीची वही काढली. दोन सीएनसी आणि एक जुना लेथ, एवढाच पसारा. वर्षभरात किती जणांकडून माल घेतला ते मोजलं तर त्रेचाळीस. कार्बाइड इन्सर्ट, कूलंट, बेल्ट, बेअरिंग, ओ-रिंग, हातमोजे, ग्रीस, एक ड्राइव्हचं कार्ड जे बाहेरच्या देशातूनच येतं. आणि त्या त्रेचाळीस जणांच्या मागं प्रत्येकी किती असतील देव जाणे. मी स्वतःला समजत होतो की आपण सगळं आपलं आपण बनवतो.

तरी माझं मत बदललेलं नाही, फक्त सरकलंय. अंटार्क्टिकासारखं स्टेशन होईल, दहा-वीस माणसं, पाळीनं जाणार-येणार, सामान पृथ्वीवरून. हे आपल्या पोरांच्या हयातीत होईल असं मला वाटतं. न मागवता राहणं, ते मात्र आता सांगवत नाही.

फळा_आणि_खडू

अंटार्क्टिकाचं उदाहरण मी वर्गात उलटं वापरतो. तिथं हवा फुकट, पाणी फुकट, दाब बरोबर, गुरुत्वाकर्षण बरोबर, आणि तरी शंभर वर्षांहून जास्त येणं-जाणं असून कोणी तिथं शेती करून पिढ्या काढत नाही. आपलं मैत्री स्टेशन १९८९ पासून चालू आहे, डिझेल आणि धान्य जहाजानंच जातं.

गोदाकाठचा_गप्पिष्ट

म्हणजे उत्तर काय, नाही?

मातीपरीक्षण_ताई

ग्रह बदलायचा म्हणाल तर आपल्या कुठल्याच हिशोबात नाही, सरांनी सांगितलंच. स्टेशन होईल. मधलं, म्हणजे स्वतःच्या पायावरची वस्ती, ती किती माणसांची झाली की स्वतंत्र चालेल हा खरा प्रश्न आहे. शंभर माणसांत रबरवाला, भट्टीवाला, डॉक्टर, चिप बनवणारा, शेतकरी, शिक्षक बसत नाहीत. दहा हजारांत बसतील का? मला नाही वाटत. चिपचा कारखाना एकटाच किती माणसं खातो बघा.

दादा तुमच्या भाच्याला एक काम सांगा. मोठी काचेची बरणी घ्यायची, तळाला मुरूम, वर थोडी माती, एखादं रोप, पाणी मोजून, आणि झाकण लावून मेणानं बंद. उन्हात नाही, उजेडात ठेवायची. किती दिवस टिकतं ते लिहून काढायचं. रॉकेटच्या व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

ढोबळीवाला_दिंडोरी

ताई, त्याला सांगितलं. लोणच्याची पाच किलोची बरणी हिच्याकडून मागून घेतली, त्यावरून घरात वेगळं महाभारत झालं. मेथी पेरून उगवल्यावर बंद केली. खालचा मुरूम आपल्याच बांधावरचा, आणि पोरानं हौसेनं वर तीन मुठी गांडूळखत घातलं, म्हणतो झाड जोमात येईल. मी तुमची बायोस्फिअरची गोष्ट त्याला मुद्दाम सांगितली नव्हती.

अंबडचा_लेथवाला

😂 अपडेट देत राहा.

ढोबळीवाला_दिंडोरी

आज अकरावा दिवस. पहिले पाच दिवस काच आतून घामेजायची, सकाळी थेंब ओघळायचे, पोरगं फोटो काढून मित्रांना पाठवत होतं. सातव्या दिवशी खताच्या बाजूनं पांढरी बुरशी दिसली, कापसासारखी. काल मेथी आडवी झाली. आज झाकण काढलं तर असा कुबट वास आला की ही म्हणाली बरणी परत घरात आणू नका.

मग त्याला १९९१ ची गोष्ट सांगितली. गप्प बसला थोडा वेळ. आता दुसरी बरणी आणलीये, स्वतःच्या पैशानं, रविवार पेठेतून. या वेळी गांडूळखत एक चमचा घालणार आणि रोज झाकणाच्या बाहेरून वजन करणार म्हणतोय, गळती कळावी म्हणून. मिरच्या मोजायचा माझा वजनकाटा घेऊन गेलाय, त्याला पाच ग्रॅमच्या खालचं कळत नाही. ताई, तुमच्या लॅबमध्ये बारीक काटा असतो ना, शनिवारी घेऊन येऊ का त्याला?

मातीपरीक्षण_ताई

या की. अकरानंतर या, सकाळी नमुन्यांची गर्दी असते. बरणी सरळ धरून आणा, गाडीवर आडवी नको.